रात्रीचा सामना कुणाचा?

(पोस्ट लांब आहे. टेनिसमध्ये रस नसला तरी शेवटपर्यंत या. विषय टेनिसपाशी सुरू होतो, पण तिथे संपत नाही.)

मी टेनिसवेडा माणूस आहे, हे माझ्या यादीतल्या बहुतेकांना माहीत आहे. फेडरर, नदाल आणि जोकोविच यांच्यात थोर कोण, यावरून आमच्या मित्रांच्या ग्रुपवर इतकी भांडणं झालीत की दोघांनी ग्रुप सोडला. मी त्या भांडणात कधीच पडलो नाही, कारण माझा माणूस चौथा. अँडी मरे. ग्रँड स्लॅमच्या ११ अंतिम फेऱ्या खेळला, त्यातल्या ८ हरला. तरीही माझा तोच. का, ते पुढे सांगतो.

आधी पॅरिसकडे जाऊ.

फ्रेंच ओपनमध्ये २०२१ पासून रात्रीचं सत्र सुरू झालं. मुख्य कोर्टवर, फिलिप शात्रिएवर, रात्री एकच सामना. त्याचं तिकीट वेगळं, टीव्हीचे हक्क वेगळे. दिव्यांच्या झगमगाटात खेळला जाणारा तो दिवसाचा सगळ्यात मानाचा सामना. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत महिलांना हा मान किती वेळा मिळाला असेल? चार वेळा. पाच वर्षांत चार! पहिल्या वर्षी दोनदा, मग २०२२ मध्ये एकदा, २०२३ मध्ये एकदा. २०२४ मध्ये शून्य. २०२५ मध्ये पुन्हा शून्य.

बरं, स्पर्धेची संचालक कोण? अमेली मोरेस्मो. स्वतः एकेकाळची जागतिक क्रमवारीतली पहिली खेळाडू, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन जिंकलेली. या स्पर्धेची पहिली महिला संचालक. म्हणजे 'पुरुषांनी बायकांना डावललं' एवढं सोपं हे प्रकरण नाही, आणि म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं.

मोरेस्मोची बाजूही नीट ऐकून घेऊ. ती म्हणते, महिलांचा सामना तीन सेटचा, पुरुषांचा पाच सेटचा. रात्री एकच सामना आहे आणि लोकांनी त्यासाठी वेगळे पैसे मोजलेत. तो तासाभरात संपला तर काय करायचं? ही भीती खोटी नाही. २०२४ मध्ये इगा श्वियाँतेकने चौथ्या फेरीत पोटापोव्हाला ६-०, ६-० असं ४० मिनिटांत घरी पाठवलं होतं. तो सामना रात्री असता तर तिकीटवाले नक्कीच चिडले असते.

पण त्याच स्पर्धेत, त्याच श्वियाँतेकचा दुसऱ्या फेरीतला सामना आठवा. समोर नाओमी ओसाका. जवळपास तीन तास चालला. तिसऱ्या सेटमध्ये ओसाका ५-३ ने पुढे, हातात मॅच पॉइंट. श्वियाँतेकने तो वाचवला, सामना काढला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. त्या वर्षीच्या सगळ्यात थरारक सामन्यांपैकी एक. रात्रीच्या सत्रात नव्हता.

उलट २०२५ मध्ये रात्रीच्या सत्रात सिनरने रुब्लेव्हला ६-१, ६-३, ६-४ असं गुंडाळलं. पाच सेटचा सामना म्हणून ठेवला, तीन सेटमध्ये आटोपला. पुरुषांचा सामना एकतर्फी झाला तर 'काय खेळला सिनर!' आणि महिलांचा झाला तर 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?' हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही.

त्याच २०२५ मधली लोईस बुआसाँची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. जागतिक क्रमवारीत ३६१ वी, वाइल्ड कार्डवर आलेली फ्रेंच मुलगी. तिने तिसऱ्या मानांकित पेगुलाला हरवलं, सहाव्या मानांकित आंद्रीव्हाला हरवलं आणि थेट उपांत्य फेरीत. पॅरिसमध्ये स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. घरचा प्रेक्षक, घरची पोरगी, असा योग पुन्हा कधी यायचा? पण उपांत्यपूर्व फेरीच्या त्या दिवशीही ती दुपारी खेळली. रात्र जोकोविच आणि झ्वेरेव यांना.

त्याच वर्षी ओन्स जाबेर या विषयावर उघड बोलली. हे निर्णय घेणाऱ्यांना मुली नसाव्यात, अशा अर्थाचं. ट्युनिशियाची ही बाई तीनदा ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी खेळलेली. उगाच कुरकुर करणाऱ्यांतली नव्हे.

यावर उपाय नाही का? आहे की. न्यूयॉर्क आणि मेलबर्नला रात्रीच्या सत्रात साधारणपणे दोन सामने असतात, एक महिलांचा, एक पुरुषांचा. त्याचा तोटाही आहे, खेळ मध्यरात्रीच्या पार पुढे जातो. आमच्या मरेनेच २०२३ मध्ये मेलबर्नला कोकिनाकिसविरुद्धचा सामना पहाटे चार वाजून पाच मिनिटांनी संपवला होता. पॅरिसवाले म्हणतात, दोन सामने ठेवायचे तर पहिला लवकर सुरू करावा लागेल आणि तेव्हा स्टँड रिकामे राहतील. मान्य. मग एकच ठेवा, पण अकरा रात्रींतल्या तीन-चार तरी महिलांना द्या. त्याला कोण नको म्हणतंय?

खरी मेख 'प्रेक्षक येत नाहीत' या वाक्यात आहे. महिलांच्या खेळाबद्दल हे वाक्य शंभर वर्षं ऐकवलं जातंय आणि शंभर वर्षं ते खोटं ठरतंय. सुझान लाँग्लेंचे सामने बघायला इतकी गर्दी व्हायची की जुनं विम्बल्डन अपुरं पडायला लागलं. १९२२ मध्ये स्पर्धा मोठ्या जागेत हलवली, त्यामागच्या कारणांत तिचंही नाव घेतात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका स्पर्धेत पुरुषांचं बक्षीस महिलांच्या आठपट होतं. तेव्हा बिली जीन किंगसह नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी चूल मांडली. तीन वर्षांत, १९७३ ला, यूएस ओपनने बक्षिसाची रक्कम सारखी केली. विम्बल्डनला हे कळायला २००७ उजाडलं. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत यूएस ओपनची महिलांची अंतिम लढत, कोको गॉफ विरुद्ध सबालेंका, पुरुषांच्या अंतिम लढतीपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली. जिथे जागा दिली, तिथे माणसं आली.

आता आपल्याकडे येऊ. मी पत्रकार आहे, त्यामुळे स्वतःच्या धंद्याबद्दल बोलायला पाहिजे.

पॅरिसमध्ये रात्रीचा सामना सव्वाआठला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पावणेबारा वाजलेले असतात. जिल्ह्याच्या आवृत्तीची पानं तोवर सुटलेली असतात. म्हणजे पुरुषांच्या त्या मानाच्या सामन्याचा निकाल आमच्या वाचकाला सकाळी मिळूच शकत नाही. महिलांचे सामने दुपारी होतात, ते आपल्या संध्याकाळपर्यंत संपतात. महिलांची अंतिम लढत शनिवारी आपल्या साडेसहाला सुरू होते. निकाल, फोटो, एजन्सीची बातमी, सगळं नऊ-साडेनऊला डेस्कवर हजर. पॅरिसवाल्यांनी नकळत का होईना, मराठी पेपरांसाठी महिला टेनिसची वेळ अगदी सोयीची ठेवली आहे!

तरीही रविवारी सकाळी पान उघडा. महिला विजेती कोपऱ्यात, हातात करंडक घेतलेला छोटा फोटो, खाली चार ओळी. वरचा अर्धा भाग 'आज महामुकाबला' म्हणून पुरुषांच्या न झालेल्या सामन्याला. झालेल्या सामन्यापेक्षा न झालेला मोठा! इथे तर पाच सेट, तीन सेट, वेगळं तिकीट असलं कुठलंच कारण नाही. फक्त सवय आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत सीसीआयच्या कोर्टवर महिलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. १९ वर्षांच्या एका मुलीने ती जिंकली. नाव आर्यना सबालेंका. हो, तीच, जी पुढे जागतिक क्रमवारीत पहिली झाली. मी तेव्हा ज्या दैनिकात होतो तिथे ही बातमी 'संक्षिप्त'मध्ये गेली. मी दोन कॉलम मागितले होते. डेस्कवरून उत्तर आलं, "कोण ओळखतं हिला?" अहो, छापल्याशिवाय ओळखणार कसं?

सानिया मिर्झाचंही तेच. भारताची एकेरीतली सर्वोत्तम महिला खेळाडू, २००७ मध्ये २७ व्या क्रमांकापर्यंत पोचलेली, २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम. पण तिच्या स्कर्टवर, लग्नावर जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या निम्मी तरी तिच्या फोरहँडवर झाली का? २०२३ च्या आशियाई स्पर्धेत बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले आपल्या महाराष्ट्राची. आजूबाजूच्या दहा जणांना तिचं नाव विचारून बघा.

आता मरे. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये तो सॅम क्वेरीकडून हरला. कमरेचं दुखणं, घरच्या प्रेक्षकांसमोर हार, चेहरा पडलेला. पत्रकार परिषदेत एकाने प्रश्न सुरू केला की २००९ नंतर ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत पोचलेला क्वेरी हा पहिला अमेरिकन खेळाडू. मरेने त्याला मध्येच तोडलं. "पुरुष खेळाडू." दोनच शब्द. कारण २०१० पासून तोवर एकट्या सेरेना विल्यम्सने एकेरीत १२ ग्रँड स्लॅम जिंकली होती! त्याआधी रिओ ऑलिम्पिकमध्ये एका निवेदकाने त्याला 'टेनिसमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा पहिला' म्हटलं, तेव्हाही त्याने तिथल्या तिथे सांगितलं की व्हीनस आणि सेरेनाकडे प्रत्येकी चार आहेत. आणि २०१४ मध्ये त्याने प्रशिक्षक म्हणून एका बाईला नेमलं, तेव्हा लोक हसले होते. ती बाई कोण? हीच, अमेली मोरेस्मो.

मरेचे आठ पराभव मला पाठ आहेत. पण पत्रकार म्हणून मला जास्त उपयोगी पडले ते हे दोन शब्द. बातमीत 'पहिला भारतीय' लिहिताना माझा हात थांबतो. आधी कुणी बाई तिथे पोचली होती का, ते बघतो.

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र आपल्या गावातलं आहे.

गावातल्या क्लबची दोन टेनिस कोर्ट तुम्हाला माहीत आहेत. एका कोर्टला दिवे आहेत. मुलींच्या सरावाची वेळ दुपारी तीन ते साडेचार. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीनला आपल्याकडे कुत्रं सुद्धा सावली सोडत नाही. संध्याकाळ सभासदांना आणि मुलांच्या बॅचला. जूनमध्ये नऊ मुली येत होत्या. गेल्या महिन्यात गेलो तर दोनच. मी समितीतल्या एका ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, मुली येतातच किती? दोन पोरींसाठी लाइट जाळायचे का?"

मला एकदम पॅरिस आठवलं.

काही पालकही म्हणतात, मुलींना अंधारात पाठवायला नको. त्यांची काळजी मी समजू शकतो. पण सहा ते साडेसात ही काही रात्र नव्हे, त्याच वेळी त्याच मुली क्लासला जातातच की. आणि कोर्टवर त्या वेळी दिवे असतात, कोच असतात, वॉचमन असतो. गावातल्या बऱ्याच रस्त्यांवर यातलं काहीच नसतं.

त्या दोन मुलींपैकी एक आठवीत आहे. डावखुरी. सर्व्ह अजून कच्ची आहे, पण बॅकहँड असा की बघत राहावं. ती मोठी खेळाडू होईल असलं काही मी म्हणत नाही. तिला उन्हाची चक्कर न येता दीड तास खेळता यावं, एवढंच म्हणतोय.

क्लबची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. सभासद असलेल्या माझ्या सगळ्या मित्रांना विनंती, एक विषय लेखी द्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात, दिव्यांचं कोर्ट मुलींच्या बॅचला. फक्त तीन महिने. रोजची हजेरी वहीत लिहा. तीन महिन्यांनी मुली दोनच राहिल्या तर ते ज्येष्ठ म्हणतात ते खरं, मी स्वतः त्यांना तसं सांगेन. वीजबिलाचा प्रश्न असेल तर आपण दहा-बारा जण वर्गणी काढू, माझं नाव पहिलं लिहा.

अर्ज मी टाइप करून ठेवलाय. सह्या पाहिजेत. उद्या संध्याकाळी सहानंतर मी कोर्टवरच आहे.