दहा मिनिटांचा थांबा

जगात ज्या कामांना कधीच शाबासकी मिळत नाही त्यांची यादी करायला बसलो, तर हा अख्खा दिवाळी अंक पुरायचा नाही. पोरगा दहावीला पास झाला की आळीभर पेढे वाटले जातात. पण त्याच पोराच्या सदऱ्याची तुटलेली बटणे वर्षभर लावणाऱ्या माउलीला कोणी पेढा दिल्याचे तुम्ही ऐकले आहे काय?

ही तक्रार मला एरवी सुचलीही नसती. पण गेल्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो, आणि त्याच आषाढात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. पत्नीची नोकरी चालू. तेव्हा शुश्रूषेचे खाते ओघानेच माझ्याकडे आले. अंग पुसायचे, पेज भरवायची, गोळ्या द्यायच्या, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. काम अवघड नाही. अडचण एवढीच, की ते संपत नाही. कचेरीतली फाईल निदान या टेबलावरून त्या टेबलावर तरी जाते! इथे आज बदललेली चादर उद्या पुन्हा बदलायचीच. थकवा चेहऱ्यावर दिसू लागला, आणि तो वाचायला आईला वाचेची गरज नव्हती. तहान लागली तरी ती पाणी मागेनाशी झाली.

उपाय सुचवला तो आमच्या खोपटच्या एस.टी.ने. आमच्या गॅलरीतून आगारात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दिसतात. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली; पण एस.टी.चे खरे शहाणपण मला विचाराल तर तिच्या थांब्यात आहे. लांबच्या पल्ल्याला वाटेत कुठेतरी कंडक्टर ओरडतो, "गाडी दहा मिनिटं थांबेल!" तिथल्या त्या पाणचट चहाने रस्ता फर्लांगभरही कमी होत नाही. पण प्रवासाचे दोन तुकडे होतात, आणि तुकडा माणसाला सोसतो. म्हटले, आपल्या दिवसालाही असे थांबे द्यावेत.

सकाळचे अंग पुसणे आटोपले की आले घातलेला चहा, गॅलरीत, निवांत बसून. दुपारच्या गोळ्या झाल्या की शब्दकोडे. आठवडा सुरळीत गेला तर शनिवारी, पत्नी घरी असताना, तलावपाळीला एक फेरी. आणि पोटाने हिंमत केली तर मामलेदार कचेरीपाशी मिसळ. नियम एकच. काम आधी, चहा मागून. आगाऊ उचल मिळणार नाही.

यात नवे काही नाही म्हणा! नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्याशिवाय चकलीला हात लावू न देणाऱ्या आज्या घरोघरी होत्या. डेव्हिड प्रेमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच प्रयोगाने दाखवले, आणि गंमत अशी, की त्या तत्त्वाला तिकडेही 'आजीचा नियम' म्हणतात. त्याने मुलांपुढे एका बाजूला खाऊ आणि दुसऱ्या बाजूला खेळाचे यंत्र ठेवले. खाऊच्या लोभी मुलांनी खाऊसाठी यंत्र जास्त चालवले, हे समजण्यासारखे आहे. पण यंत्राच्या नादी लागलेल्या मुलांनी, ते खेळायला मिळावे म्हणून, खाऊच जास्त खाल्ला! म्हणजे बक्षीस कशाला म्हणायचे, ते घेणाऱ्याने ठरवायचे.

याला उलटी बाजूही आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रांची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधीच प्रशस्तिपत्रक कबूल करून चित्रे काढायला लावली; पुढे ती मुले आपणहून चित्रांकडे कमी वळू लागली. म्हणून संध्याकाळी मी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, त्याच्यापुढे चहाचे आमिष ठेवलेले नाही. ते मला मनापासून आवडते. त्याला कशाला मोल लावा?

राहता राहिली आई. तिने उजव्या हाताने मऊ चेंडू दहा वेळा दाबायचा, असा व्यायाम होता. दोनदा दाबून ती तोंड फिरवी. मी शेवयांची खीर देऊ केली. तिने ढुंकून पाहिले नाही. सात-आठ दिवस खुणा समजून घेतल्या तेव्हा कळले, की बाईसाहेबांना हवा आहे भिकार-सावकारचा डाव! तेव्हापासून दहा वेळा चेंडू, मग एक डाव. पत्ते ती डाव्या हाताने टाकते, आणि मी भिकेला लागलो की अर्ध्या ओठाने हसते. आता पंधरा वेळा दाबून दोन डाव मागते. आणि पाणी? ते तर हुकूम सोडावा तसे मागते.

या दिवाळीचा सौदा मोठा आहे. पहिल्या आंघोळीनंतर तिने टेकू न घेता पाच मिनिटे खाटेवर बसायचे. जमले तर सलग तीन डाव, फराळ त्यानंतर. घड्याळ माझ्या हातात असणार, यावर मात्र तिचा सक्त आक्षेप आहे. तेव्हा पंच म्हणून शेजारच्या मुलाला बोलावून ठेवले आहे.