फ्लाइंग राणी आणि रंगभवन

सुरतेत रॉक नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नवरात्रात गरबा होता आणि त्या गरब्यामागे इलेक्ट्रिक गिटार, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असा सगळा सरंजाम होता. गणपतीत लिंबायत-उधन्याच्या खानदेशी मंडळांपुढे ऑर्केस्ट्रा होता. त्यातल्या गिटारवाल्याला आर. डी. बर्मनच्या एखाद्या गाण्यात मिनिटभर मोकळं रान मिळायचं. तेवढ्यासाठी आम्ही दोन-तीन पोरं पुढच्या सतरंजीवर ठाण मांडून बसायचो. पण भूक एका मिनिटाने भागणारी नव्हती. तिच्यासाठी मुंबई होती, आणि मुंबईला जायला फ्लाइंग राणी.

राणी ही व्यापाऱ्यांची गाडी. पहाटे सुरत सोडायची, दहाच्या सुमारास मुंबई सेंट्रल, आणि संध्याकाळी सहा वाजायच्या आत परत निघायची. मूळजी जेठा मार्केटात जा, उधारी वसूल करा, घरी येऊन झोपा. 1979 पासून तिला डबलडेकर डबे होते. वरच्या मजल्यावर पासवाल्यांचे पत्ते रंगायचे, खाली कुणीतरी झांजा काढून भजन धरायचं. रॉक ऐकायला निघालेल्या कॉलेजकुमाराचा विचार मात्र वेळापत्रक करणाऱ्याने केला नव्हता. परतीची राणी सुटायची, तेव्हा धोबीतलावच्या रंगभवनात खरी रंगत चढू लागलेली असायची. म्हणून जाताना राणी आणि येताना रात्रीची गुजरात मेल, नाहीतर दादरच्या मावशीचं दार. मावशीने मध्यरात्री दार उघडून कधी ‘कुठे होतास?’ विचारलं नाही. ‘जेवलास का?’ एवढंच विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता पिठलं टाकायची.

रंगभवन म्हणजे सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं उघड्या आभाळाखालचं नाट्यगृह. 1978 मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा तिथलीच. 1986 मध्ये फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक सुरू केला आणि देशभरच्या बँडवाल्यांना एक पंढरी मिळाली. दुपारपासून एकामागून एक बँड चढायचे. बहुतेकांना परदेशी गाणीच वाजवायची असत, आणि लोकांनाही तीच हवी असत. डीप पर्पल कुणी नीट वाजवलं की टाळ्या, चुकलं की शिव्या, त्याही चार-पाच भाषांत. तिकीट न परवडलेले बाहेर रस्त्यावर उभे राहून ऐकायचे. मी त्यांच्यातही उभा राहिलोय, आणि आवाज तिथे काही वाईट नसे. उलट कुणाचा घामट खांदा तोंडावर येत नसे.

एकदा भर कार्यक्रमात पावसाची सर आली. आयोजक धावत आले, वायरींवर ताडपत्र्या पडल्या, स्टेजवर अंधार झाला. कुणी जागचं हललं नाही. कुणीतरी मागून टाळ्यांचा ठेका धरला आणि हजारेक माणसं वाद्यांशिवायच गाऊ लागली. मला त्या गाण्याचे शब्द धड येत नव्हते. शेजारच्या पोराच्या ओठांकडे बघून मी अर्धवट शब्द ओरडत होतो. त्यालाही येत नव्हते, हे थोड्या वेळाने कळलं.

आमचा खरा जीव रॉक मशीनवर. याच बँडने 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि पुढे 1993 मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. घरी वडिलांना हे सगळं ‘केस वाढवलेल्या लोकांचा धिंगाणा’ वाटे. मी कॅसेटच्या कव्हरावरची नावं वाचून दाखवली, तेव्हा ते पेपरातून मान वर करून म्हणाले, “तिनईकर? म्हणजे आपल्यातलाच की!” त्यानंतर मुंबईच्या भाड्याचे पैसे जरा सहज मिळू लागले. हातात गिटार असली, तरी आडनावाला ‘कर’ असला की मराठी बापाचा निम्मा राग उतरतो.

कॅसेटी काळाघोड्याच्या रिदम हाउसमधून यायच्या. मुंबईला कुणीही निघालं, लग्नाला का असेना, की त्याच्या खिशात आमची चिठ्ठी. रॉक स्ट्रीट जर्नल हे रॉकचं नियतकालिक 1993 मध्ये निघालं, तेही अलाहाबादहून. त्याचा आम्हाला कोण आनंद झाला! अलाहाबादला जे जमतं ते सुरतेला का जमू नये, यावर तापीच्या काठावर लोचो खात पुष्कळ चर्चा झाल्या. झालं काहीच नाही. चर्चेला लोचो पुरतो, बँडला ड्रमसेट लागतो.

पण जगातला सगळ्यात गाजलेला लाइव्ह कार्यक्रम आम्ही सुरतेतच, नानपुऱ्यात पाहिला. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये 13 जुलै 1985 ला झालेल्या लाइव्ह एडची घासून घासून बरड झालेली व्हिडिओ कॅसेट मित्राकडे आली होती. क्वीनला मिळालेली वेळ अवघी वीस-एकवीस मिनिटं. समोर सत्तर हजारांवर लोक, आणि फ्रेडी मर्क्युरी नुसता आलाप घेऊन त्यांच्याकडून तो परत म्हणवून घेतोय, शाळेतले मास्तर पाढे म्हणवून घेतात तसा. मित्राच्या शेजारच्या पारशी आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “आ तो आपणो बुलसारा!” आम्हाला पत्ता नव्हता. मग कळलं, हा फारुख बुलसारा, जन्म झांझिबारचा, पण घराणं आमच्या वलसाडचं, आणि शिकला कुठे, तर पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. शाळेत असतानाच त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. म्हणजे ज्या वलसाडला आमची राणी थांबायची, त्याचं नाव वागवणारा माणूस वेम्बली हलवत होता! आजींचं मात्र वेगळंच चाललं होतं. “गंजी पर शर्ट तो पहेर, डीकरा,” असं त्या टीव्हीला सांगत होत्या.

पुढे नोकरी लागली, खिशात पैसे खुळखुळू लागले, आणि मुंबईतले कार्यक्रमही मोठे झाले. 2003 मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स, 2007 मध्ये बांद्रा-कुर्ला संकुलात रॉजर वॉटर्स. वॉटर्सच्या वेळी चारी बाजूंना स्पीकर होते, गाण्यातल्या पैशांचा खणखणाट पाठीमागून यायचा आणि माणसं दचकून मागे बघायची. उत्तम झालं सगळं. तरीही ते आठवायचं तर मला जरा प्रयत्न करावा लागतो. रंगभवनाला तसा लागत नाही. ते दरम्यान बंदच पडलं होतं. आसपास कामा, जीटी अशी रुग्णालयं. आवाजाचे 2000 चे नियम आले आणि रुग्णालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात गेले. हळहळलो, पण भांडायला तोंड नव्हतं. रुग्णालयं तिथे आमच्या गिटारींच्या आधीपासून होती.

आणि मग 2025 च्या जानेवारीत गंगा उलटी वाहिली. कोल्डप्लेचे नवी मुंबईचे तीन कार्यक्रम हातोहात विकले गेले, आणि ज्यांचं तिकडे जमलं नाही त्यांनी अहमदाबाद गाठलं. 25 आणि 26 जानेवारी, नरेंद्र मोदी स्टेडियम, रोज लाखावर माणसं. रेल्वेने मुंबईहून अहमदाबादला खास गाड्या सोडल्या. जन्मभर आम्ही गाण्यासाठी दक्षिणेकडे धावलो, आता मुंबईकर गाण्यासाठी सुरतेवरून उत्तरेला धावत होते, तेही दारूबंदीच्या राज्यात! डबलडेकर राणी तेवढी हे बघायला नव्हती. तिचे ते डबे 2023 मध्ये निघाले.

दादरच्या मावशीचा नातू आणि त्याचे मित्र जाताना आमच्याकडे उतरले. गरम पोंक, शेव, लिंबू असा हुरड्याचा सुरती थाट झाला. मावशीचा तीनदा फोन, पोरं जेवली का म्हणून. सव्वीस तारखेचा कार्यक्रम आम्ही घरी हॉटस्टारवर पाहिला. दुसऱ्या दिवशी पोरं परत आली ती घसे बसवूनच. मी मोठ्या आशेने विचारलं, “कोणत्या गाण्याला एवढे ओरडलात रे?”

“गाण्याला नाही हो काका,” तो खरखरत्या आवाजात म्हणाला. “बुमराह आला होता!”