मुनीच्या काठ्या

आमच्या मुनीला, म्हणजे घरच्या चिंचिलाला, रोज कुरतडायला काठी लागते. चिंचिलाचे पुढचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात. दाढा झिजतात त्या मुख्यतः टिमथी गवत चघळून. लाकूड कामी येतं पुढच्या दातांसाठी आणि रात्रभर जाग्या असणाऱ्या या जिवाला उद्योग म्हणून.

आम्ही इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतो. सफरचंदाच्या बागांचा हा मुलूख. हिवाळ्यात छाटणी झाली की फांद्यांचे ढीग दिसतात, पण मी त्यांना हात लावत नाही. त्या झाडांवर काय काय फवारलंय, कोण सांगणार? चिंचिलाला उलटी करता येत नाही; नको ते पोटात गेलं तर ते बाहेर काढायची सोय तिच्या शरीरात नाही. म्हणून फांद्या घेते शेजारच्या आजोबांकडून. त्यांच्या परसातल्या सफरचंदावर त्यांनी कधीच औषध मारलेलं नाही.

त्याच परसात प्लमचंही झाड आहे. प्लम, चेरी, पीच, जर्दाळू या आठळीच्या फळझाडांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे ती वर्ज्य. पानं गळाल्यावर दोन्ही झाडांच्या फांद्यांत माझी नजर फसू शकते. म्हणून फळं लगडलेली असतानाच आजोबा सफरचंदाच्या खोडाला लाल फीत बांधून ठेवतात.

बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या घेऊन वीतभर लांबीचे तुकडे करते. बुरशी लागलेला, किडीने पोखरलेला किंवा डिंक सुटलेला तुकडा बाजूला जातो. इथल्या दमट हवेत सालीवर दगडफूल आणि शेवाळ हमखास असतं. ते कडक ब्रशने गरम पाण्याखाली घासून काढायचं, साल मात्र ठेवायची. मुनीचा खरा जीव सालीतच. साबण अजिबात नाही.

मग काठ्यांसाठीच राखून ठेवलेल्या पातेल्यात त्या अर्धा तास उकळायच्या. पाणी तपकिरी होतं. ते ओतून देऊन पुन्हा स्वच्छ पाण्यात खळबळायच्या. पुसून ओव्हनमध्ये शंभर अंशांवर, लक्ष ठेवून, पाणी आटेपर्यंत ठेवायच्या आणि पुढे काही आठवडे जाळीवर सुटसुटीत पसरायच्या. वाकवल्यावर कडकन मोडली की काठी वाळली. आत ओल राहिली तर बुरशी धरते, म्हणून साठवण कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही.

काठी दिली की मुनी ती पुढच्या पंजांत धरून फिरवत फिरवत आधी साल सोलते, मग गाभ्याला लागते. दातांचा गडद पिवळा-नारिंगी रंग पाहिला की मला बरं वाटतं. चिंचिलाच्या निरोगी दातांचा रंग तोच.

पुण्यात माझ्या मावसभावाने चिंचिला पाळली आहे, उन्हाळाभर एसीच्या खोलीत. त्याने काठ्या कशा उकळायच्या म्हणून विचारलं. मी त्याला तुतीचं लाकूड सुचवलं, कण्हेरीच्या जवळही जाऊ नकोस म्हटलं आणि उकळण्याआधीचं सांगितलं. उकळल्याने माती जाते, किडे मरतात. सालीत मुरलेलं औषध किंवा झाडाचं स्वतःचं विष निघेल याचा भरवसा नाही. तेव्हा झाड फळावर असताना ओळखून ठेव, मालकाला फवारणीचं विचार, आणि उत्तर मिळालं नाही तर ती फांदी घरी आणू नकोस.