शुक्राचे जुने दप्तर

पहाटेची शुक्राची चांदणी आम्हांस शांतच भासते. पण तो ग्रह निवाला की अजून धगधगतो, हा शास्त्रज्ञांतील जुना वाद. दाट ढगांखालील त्याच्या भूमीचे मॅगेलन यानाने रडारद्वारे चित्रण केले. प्रत्येक फेरीत पाहण्याचा कोन निराळा, म्हणून चित्रांची ताडणी यंत्रास जमेना. रॉबर्ट हेरिक यांनी ती सुमारे दोनशे तास डोळ्यांनीच केली. (हे वाचून आम्हांस, खरे सांगायचे तर, थोडा आनंदच झाला!) माट मॉन्स पर्वतानजीकचे एक ज्वालामुखी विवर १९९१ च्या फेब्रुवारीत वाटोळे, २.२ चौरस किलोमीटरांचे होते; ऑक्टोबरात ते वेडेवाकडे पसरून सुमारे ४ चौरस किलोमीटरांचे झाले. शोध प्रसिद्ध झाला २०२३ साली. मॅगेलन १९९४ मध्येच शुक्राच्या वातावरणात विलीन झाले होते. आम्हीही ती चित्रे निरखली. आम्हांस दिसले ते दोन करडे डाग.