फोंडा घाटात रबराचा वास

देवगडहून निघालो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा. पिकअपच्या हौद्यात बागेतल्या हापूसच्या सत्तर पेट्या, वर ताडपत्री, आणि सकाळच्या लिलावाला कोल्हापूरचं मार्केट यार्ड गाठायचं होतं. जामसंडे, तळेबाजार, शिरगाव मागे पडलं. नांदगावला महामार्ग ओलांडला. केबिनमध्ये पेट्यांतल्या गवताचा आणि कच्च्या आंब्याचा वास भरून राहिला होता. या वासात मी वाढलो. त्यात दुसरं काही मिसळलं की नाकाला लगेच कळतं.

फोंड्याचा बाजार सोडून चढ लागला आणि पाचव्या-सहाव्या वळणावर ते मिसळलं. करपलेलं रबर.

"दादा, वास येता मा?" ड्रायव्हरने विचारलं.

रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले. पेट्यांत गवत असतं, त्यामुळे पहिली भीती आगीची. मोबाइलच्या उजेडात आधी सायलेन्सर पाहिला. रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी तापलेल्या सायलेन्सरला चिकटली तरी असाच वास सुटतो. तिथे काही नव्हतं. मग चाकं. पाटा तुटला किंवा माल जास्त झाला की मागचा टायर हौद्याला घासतो. इथे मधे चांगलं चार बोटं अंतर होतं. प्रत्येक चाकाजवळ हाताची पाठ धरून पाहिली. ब्रेक धरून राहिला असता तर ते चाक बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त तापलं असतं. चारही सारखीच कोमट. ड्रायव्हरला क्लचचा संशय होता. भरलेली गाडी चढावर असली की क्लचप्लेट जळते आणि तिचा वास पुष्कळांना रबराचाच वाटतो, हे खरं. पण क्लच सरकत असता तर इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी पुढे गेली नसती. आमची गाडी तर व्यवस्थित ओढत होती.

मग जागच्या जागी इंजिन चालू ठेवलं आणि हेडलाइट लावले. दोन मिनिटांत वास पुन्हा आला. चाकं फिरत नव्हती, क्लचला पाय लागला नव्हता, चढही ओढायचा नव्हता. म्हणजे जळत होतं ते बॉनेटखालीच.

बॉनेट उघडलं तर धूर डोळ्यांना झोंबला. फॅनबेल्टच्या आजूबाजूला काळी पूड उडालेली, अल्टरनेटरकडून बारीक किंचाळल्यासारखा आवाज, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा, आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागेच्या वर. या गाडीत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. तो तुटला असता तर पुढच्या दोन वळणांत इंजिन उकळलं असतं. इंजिन तिथेच बंद केलं.

"पट्टो तर नवो आसा," ड्रायव्हर म्हणाला.

नवाच होता. याच तक्रारीसाठी आठ दिवसांपूर्वी एका गॅरेजात गाडी दिली होती. त्यांनी जळका पट्टा काढला, नवा घातला आणि भर दुपारी दिवे न लावता एक फेरी मारून गाडी परत दिली. पट्टा कशाने जळला, हे कुणी बघितलंच नाही. रात्री हेडलाइट लागले की अल्टरनेटरवर भार वाढतो, त्याची पुली आणखी जड होते; दुपारच्या फेरीत ते कसं दिसणार? वर्षभराची मेहनत हौद्यात भरून माणूस घाटात शिरतो. त्या गॅरेजवाल्यांचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

खाली उतरणाऱ्या एका ट्रकमधून ड्रायव्हर फोंड्याला गेला. मी मालाजवळ थांबलो. वर दाजीपूरचं जंगल. गव्यांसाठी ते 1958 पासून राखलेलं आहे. त्या बाजूने गार वारा येत होता. एप्रिलमध्येही अंगावर टॉवेल घ्यावा लागला. दर थोड्या वेळाने ताडपत्रीखाली हात घालून पेट्या गरम तर लागत नाहीत ना, ते बघत राहिलो.

मेस्त्री साडेपाचला मोटरसायकलवरून आले. त्यांनी पट्टा सैल करून उतरवला आणि एकेक पुली हाताने फिरवली. पाण्याच्या पंपाची लोण्यासारखी फिरली. अल्टरनेटरची अर्धा फेरा खरखरत गेली आणि अडकली.

"बेअरिंग गेला. पट्टो बिचारो काय करतलो?"

बॅटरीची वायर सोडून अल्टरनेटर काढला आणि मेस्त्रींच्या मागे बसून मी तो मांडीवर धरून खाली नेला. पुलरने बेअरिंग बाहेर आलं. ग्रीस वाळून काळी पापडी झालेली, गोळ्या निळसर पडलेल्या. कड्यावर आकडा होता, 6303. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात. 03 म्हणजे 17 मिलिमीटर. कुठल्याही कंपनीचं घेतलं तरी या आकड्याच्या बेअरिंगचं माप तेच असतं. त्यामुळे गाडीच्या पार्टसाठी कोल्हापूरला जावं लागलं नाही. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या शेजारच्या दुकानात ते मिळालं. आठ दिवसांच्या पट्ट्याच्या आतल्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, तोही बदलला. परत घाटात येऊन सगळं बसवलं. मेस्त्रींनी अंगठ्याने पट्टा दाबून ताण बघितला. अर्ध्या पेराइतका दबला तसा बोल्ट आवळला. मग भर उन्हात हेडलाइट लावून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायला लावलं आणि स्वतः बॉनेटवर वाकून वास घेत उभे राहिले. आंब्याशिवाय कसलाही वास नव्हता.

दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूरला पोचलो तेव्हा लिलाव संपून गेला होता. माल दुसऱ्या दिवशी लागला. ताडपत्रीखाली तापून वरच्या थरातल्या चार पेट्या मऊ पडल्या होत्या. बाकीच्या सहासष्ट चांगल्या भावाने गेल्या.