उतारा नेमकं काय म्हणतो?

मी नववी-दहावीला मराठी शिकवते. अपठित उताऱ्यावरच्या चौकटी मुलं झरझर भरतात. प्रश्नातला शब्द धरायचा, उताऱ्यात तो असलेली ओळ हुडकायची, पुढचे दोन शब्द चौकटीत टाकायचे. गुण मिळतात, उतारा मात्र वाचलेलाच नसतो. सारांशलेखनात ते उघडं पडतं. उतारा एक तृतीयांश करायचा तर काय ठेवायचं नि काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि मध्यवर्ती कल्पना हाती लागल्याशिवाय ते ठरत नाही.

एकदा देवराईवरचा उतारा मीच लिहून नेला. सह्याद्रीतलं गाव; देवाच्या धाकाने राईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही; उंच झाडांवर शेकरूची घरटी, मनगटाहून जाड वेली; आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, पण राईतला झरा उन्हाळ्यातही वाहतो. मध्यवर्ती कल्पना विचारली. कोणी म्हणालं, ‘देवराई’. कोणी पहिलं वाक्य उतरवलं. आणि निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘झाडे लावा, झाडे जगवा.’

या तिसऱ्या उत्तरावर मी बराच विचार केला. गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे काहीही वाचलं की मुलं उपदेश शोधतात. उताऱ्यात झाडं लावण्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

मग फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. उतारा कशाबद्दल आहे? त्याबद्दल लेखक काय सांगतो? पहिल्याचं उत्तर एका शब्दात चालेल. दुसऱ्याचं पूर्ण वाक्यात, क्रियापदासह. क्रियापदाची अट घातली की मुलं अडतात आणि पुन्हा उताऱ्याकडे जातात. थोड्या वेळाने एक मुलगी उठली. “बाई, देवाच्या धाकानं रान राखलं, म्हणून गावाचं पाणी टिकलं.”

ते वाक्य फळ्यावर लिहून उताऱ्यातली एकेक ओळ आम्ही त्याच्याशी ताडून पाहिली. काटकीची ओळ रान कसं राखलं ते सांगत होती. बोडके डोंगर फरक दाखवत होते. शेकरू आणि वेलींवरून मात्र वाद झाला. एक मुलगा म्हणाला, रान किती जुनं आहे ते त्यांच्यावरूनच कळतं. मला पटलं. सारांशात त्यांना अर्ध्या ओळीहून जास्त जागा नाही, हेही त्यानेच ठरवलं.

असा उतारा दोन तासिका घेतो, अभ्यासक्रम मागे पडतो, हे खरं. तरी मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पाच उतारे उरकण्यापेक्षा एकच घ्या, आणि गाइडमधलं उत्तर सांगण्याआधी मुलांना त्यांचं वाक्य फळ्यापर्यंत आणू द्या.