सरळ रेघेचा मोह

झेब्राफिशच्या भ्रूणात मागचा मेंदू घडताना त्याचे एकापुढे एक खण पडतात. तिसऱ्या आणि पाचव्या खणात क्रॉक्स२० हे जनुक चालू असतं, मधल्या चौथ्यात हॉक्सबी१ए. फलनानंतर दहा-अकरा तासांनी पाहिलं, तर चौथ्या-पाचव्याची हद्द दातेरी दिसते. काही पेशी चक्क भलत्या खणात असतात. पुढच्या तीन-चार तासांत हीच हद्द सरळ होते. कशी, ते समीकरणांत पकडणं हे माझं काम.

इथे पहिला मोह घातांकाचा. पेशीला तिची जागा सांगणाऱ्या रेटिनॉइक आम्लाची पातळी एका बाजूने दुसरीकडे उतरत जाते. जनुकाचा प्रतिसाद हिलच्या सूत्राने लिहायचा, प्रतिसाद किती एकदम चढेल हे ठरवणारा त्यातला घातांक २ वरून १० करायचा, की पडद्यावर हद्द झाली धारदार! माझ्या लेखी ही लबाडी आहे. उत्तर आपणच प्रश्नात कोंबलेलं असतं. वोल्पर्ट यांनी १९६९ मध्ये फ्रेंच झेंड्याचे पट्टे घेऊन उतारातून हद्दी कशा पडतात हा प्रश्न मांडला, तेव्हा कागदावरचा उतार गुळगुळीत होता. भ्रूणात तो थरथरतो. अशा उतारावर घातांक चढवला, तर पेशी फक्त जास्त ठामपणे चुकतात.

म्हणून मी दोन्ही जनुकांना एकमेकांना दाबू देतो, भाऊबंदांनी दोन्हीकडून बांध कोरावा तसं. प्रत्येक जनुक स्वतःला चढवतंही. पण मग भलतीकडे बसलेली पेशी तिथेच रुतते. तिला सोडवतो तो गोंगाट, म्हणजे पातळ्यांमधले आपोआप होणारे चढउतार, जे आम्ही गणितवाले आधी पुसून टाकतो. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवलं: आम्लातला गोंगाट हद्द विस्कटतो, जनुकांच्या व्यक्त होण्यातला गोंगाट मात्र चुकल्या पेशीला पलटी मारायला लावतो. अशी एक पेशी आलेखात पाहावी. हॉक्सबी१ए वर, मग खाली. काही काळ दोन्ही जनुकं अर्धवट चालू. आणि एकदम क्रॉक्स२० चढतं.

तरीही पेशी पलटण्याऐवजी जागेवरून सरकू शकतात, ही दुसरी शक्यता उरतेच. ईफ आणि ईफ्रिन ही प्रथिनं परक्या पेशींना एकमेकींपासून दूर सारतात. ते मॉडेलमध्ये घातलं, तरी शेवटी रेघ सरळच येते. शेवटच्या चित्रावरून पेशी पलटली की सरकली, काही कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या मंडळींकडे मी सुबक अंतिम फोटो मागत नाही. अकरा ते चौदा तासांमधले, एकाच पेशीचा माग ठेवलेले, गबाळे फोटो मागतो.